खाडीतली बोई: नवीन माणसाने सुरुवात कुठून करायची

खाडीच्या काठाला नवीन राहायला आलेले, नोकरीसाठी बदलून आलेले, नाहीतर मुंबईतनं गावी परत आलेले लोक भेटले की हमखास विचारतात की बोई खायची की नाही, तिला चिखलाचा वास येतो म्हणे. मग अर्धा तास उभं राहून सगळं सांगावं लागतं. म्हणून आता एकदाच बसून लिहून काढतोय. मी राजापूर तालुक्यातला, जैतापूरच्या खाडीवरचा. लहानपणापासून ही मासळी बघत, पकडत, खात आलोय, आणि तिला लोक जे हलक्यात घेतात ना, ते मला मनापासून खटकतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, तेवढी पक्की धरा. बोई चिखल खाते. म्हणजे चिखलाच्या वरची साय, सूक्ष्म शेवाळांचा पातळ थर, तो खाते. ती कुठे सापडते, थव्याने का फिरते, गळाला सहसा का लागत नाही, तिचं पोट एवढं लवकर का नासतं, कुठल्या खाडीची बोई अजिबात घ्यायची नाही, ह्या सगळ्याचं उत्तर तिथेच आहे.

आधी नाव आणि तोंडओळख

बोई, बोय, बोईट, कोणी काहीही म्हणो, कुटुंब एकच. गोव्यात गेलात की शेवटो मागायचा, केरळात तिरुता, ओडिशात चिलिका सरोवरावर खइंगा. आपल्या खाड्यांमध्ये ह्या कुटुंबातल्या बऱ्याच जाती आहेत आणि बाजारात सगळ्या बोई म्हणूनच विकतात, पण मोठी, जाड, पाठीला करडी-निळसर आणि अंगावर सहा-सात काळपट रेघा असलेली जी असते ती म्युजिल सेफालस, हे नाव लिनियसने १७५८ साली दिलंय. जगातल्या जवळजवळ सगळ्या उबदार किनाऱ्यांवर ही सापडते. अलीकडे डीएनए तपासून शास्त्रज्ञ म्हणायला लागलेत की एकाच नावाखाली हुबेहूब दिसणाऱ्या बऱ्याच वेगळ्या जाती दडलेल्या आहेत, पण आपल्या कामापुरतं एकच नाव पुरे.

हातात घेतलीत की पहिलं डोकं बघा. वरून दाबल्यासारखं चपटं आणि रुंद, तोंड आखूड, ओठ पातळ. मग डोळा. डोळ्यावर मेणकापडासारखा पारदर्शक चरबीचा पडदा असतो, मधे बुबुळावर फक्त उभी फट. हा पडदा ह्या मोठ्या बोईची खूण, लहान जातींमध्ये तो एवढा ठळक नसतो. पाठीवर दोन पर, एकमेकांपासून चांगलेच लांब, आणि पुढच्या परात काटे मोजून ४. अंगावर बाजूने जी लांब रेघ बहुतेक माशांना असते ती हिला दिसतच नाही. छातीच्या पराच्या मुळाशी एक गडद डाग असतो.

बाकीच्यांतली एक बोई बारीक असते आणि कल्ल्याच्या झाकणावर सोनेरी ठिपका चमकतो, बंगालात तिला पारशे म्हणतात आणि तिथे तिचा मान केवढा. दुसरी एक चौकोनी कापल्यासारख्या पिवळ्या शेपटीची, छातीचे पर काळे. खायला तिन्ही चांगल्या. पण कोणी छोटी बोई "लहान रावस आहे" म्हणून द्यायला लागला तर छातीखाली बघा, रावसाला तिथे मिशीसारखे ४ सुटे तंतू असतात, बोईला नसतात. बाजारात हे मी स्वतः दोनदा बघितलंय, आणि घेणारा माणूस दोन्ही वेळेला नवीनच होता.

कुठल्या पाण्यात, कुठल्या वेळेला

बोईला खारं पाणी चालतं, मचूळ चालतं, गोडंही चालतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, ही त्याच्या दुपटीला सहज टिकते आणि उलट्या बाजूला नदीत वर चढून पार गोड्या पाण्यातही जाते. त्यामुळे मिठागराच्या कडेला, कांदळवनातल्या अरुंद नाल्यात, नदी खाडीला मिळते तिथे, जेट्टीखाली, खारबांधाच्या आतल्या पाण्यात, सगळीकडे भेटते. फक्त मऊ तळ पाहिजे, चिखल नाहीतर चिखल मिसळलेली रेती. खडकाळ किनाऱ्यावरही दिसते, तिथे दगडावरचं शेवाळ खरवडते, पण तिचं खरं घर म्हणजे तिवराच्या मुळांमधला तो मऊ चिखल.

वेळ समजायला भरती-ओहोटी समजली पाहिजे. मोबाइलवर ॲप आहेत, बघा, पण आपल्याकडची जुनी पद्धत पण शिकून घ्या, कधीच दगा देत नाही. तिथीची पाऊणकी करायची. म्हणजे तिथीच्या आकड्याला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, जो आकडा येईल त्या सुमाराला भरती पूर्ण. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावस्येला १५ धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. शुक्ल असो की कृष्ण, हिशोब तोच, आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळेला लागू. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. खाडीत जेवढे आत असाल तेवढा उशीर धरायचा, आमच्याकडे तोंडावर भरती लागली की राजापूरच्या अंगाला पाणी पोचायला वेळ लागतोच. आणि मुंबईकडे उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं पण गोव्याकडे जेमतेम दोन-सव्वादोन मीटर, म्हणून मुंबईच्या माणसाने इकडे येऊन तेवढाच चिखल उघडा पडेल अशी अपेक्षा धरू नये.

आता बोईचं वेळापत्रक. भरती चढायला लागली की पाण्याची पहिली जीभ चिखलावर सरकते ना, तिच्यामागेच बोई येते. नुसती मागे नाही, अगदी कडेला, जिथे पाणी वीतभर सुद्धा नसतं तिथे पाठ बाहेर काढून येते. कारण ओहोटीत तासन्‌तास ऊन खाल्लेल्या चिखलावर तपकिरी-सोनेरी साय धरलेली असते, ती तिला सगळ्यांच्या आधी पाहिजे असते. ओहोटी लागली की परत नाल्यातनं खोल पाण्याकडे. म्हणून बघायला जायचं तर भरतीच्या पहिल्या दोन तासांत, शक्यतो सकाळच्या उन्हात, कारण ही दिवसा चरणारी मासळी आहे.

थवा ओळखायचा कसा

पहिले दोन-तीन दिवस जाळं घेऊन जाऊच नका. नुसते जा, काठावर उंचशा जागी बसा, सावली पाण्यावर पडू देऊ नका. वारा नसेल तर पाणी आरशासारखं असतं आणि मधेच एक पट्टा थरथरतो, जणू तेवढ्याच जागी बारीक पाऊस पडतोय. तो थवा. पुढे जाताना पाण्यावर बाणाच्या टोकासारखी लाट उमटते. वरून घार किंवा पाणकावळा आला की सगळा थवा एकदम वळतो आणि एक क्षण पांढरं लख्ख चमकतं, ती त्यांची पोटं.

ओहोटीला परत या आणि चिखल बघा. हे मी प्रत्येकाला आवर्जून दाखवतो. मऊ चिखलावर अंगठ्याच्या नखाने हलकेच ओरखडे काढावेत तशा जोडीजोडीने खुणा दिसतात, कधी एका हाताच्या जागेत वीस-पंचवीस. तिथे साय निघून खालचा काळपट चिखल उघडा पडलेला असतो आणि आजूबाजूला सोनेरी तसाच. ती बोईने ओठ टेकवून केलेली चराई. ताज्या खुणांच्या कडा धारदार असतात, जुन्या विरघळल्यासारख्या. जिथे आज खुणा दाट, तिथे उद्याच्या भरतीला थवा येणार, हे मी डोळे झाकून सांगतो. आमच्याकडे वाडीतले म्हातारे बाबा जाळं खांद्यावर टाकायच्या आधी चिखल बघून यायचे, तेच माझ्या अंगात उतरलंय.

एवढ्या मोठ्या थव्याने का राहते तर हिला ना विषारी काटा ना दात. जिताडा-तांबोशीसारखे शिकारी मासे, बगळे, समुद्री गरुड, पाणमांजर, सगळ्यांच्या ताटात ही. एकटी राहिली तर गेलीच, थव्यात शंभर डोळे पहारा देतात आणि झडप घालणाऱ्याला नेमकी कुठली धरावी ते कळत नाही. ब्राझीलमध्ये लगुना नावाच्या गावी तर हिच्याच जवळच्या भावकीतल्या माशांचे थवे डॉल्फिन हाकत हाकत काठाकडे आणतात आणि डॉल्फिनने विशिष्ट हालचाल केली की कोळी पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, फेकतात, पिढ्यान्‌पिढ्या हे चाललंय आणि डॉल्फिनलाही त्यात भरपूर मासळी मिळते. पाग तिकडेही आपल्यासारखाच, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं होतं.

आणि उड्या. बोई उडी मारते म्हणजे सरळ हवेत सुळकन जाते आणि बहुतेक वेळा कुशीवर पडते. मागे शिकारी असेल तर सगळ्या मिळून दणादण उड्या, ते समजतं. पण कोणी मागे नसताना, निवांत संध्याकाळी, एकटीच दोन-तीनदा उडते, ते का? १९८५ साली एका शास्त्रज्ञाने असं मांडलं की चिखलाळ पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, तेव्हा ही उडी मारून घशाच्या वरच्या पोकळीत हवा भरून घेते आणि खाली जाऊन ती वापरते. मला तरी हे पटतं, कारण उन्हाळ्यात पाणी कोमट आणि सुस्त झालं की उड्या वाढतात हे काठावर बसून कुणालाही दिसतं. मुंबईत असाल तर ऐरोलीला ठाणे खाडीच्या बोटफेरीत फ्लेमिंगोंबरोबर ह्या उड्या पण बघून घ्या, सगळे कॅमेरे पक्ष्यांकडे आणि बोटीच्या दुसऱ्या अंगाला बोई नाचत असतात.

एकदा पोट उघडून बघाच

पहिली बोई साफ करताना आतडी पटकन फेकून देऊ नका. आत एक सुपारीपेक्षा मोठा, घट्ट, भोवऱ्याच्या आकाराचा गोळा मिळेल. तो कापायला सुरी जोर लावते. कोंबडीच्या पोटात दाणे दळणारा जो कडक स्नायू असतो ना, तसाच. चिरलात की आत बारीक रेती आणि हिरवट-तपकिरी लगदा. दात नाहीत म्हणून ही रेती गिळते आणि त्या रेतीच्या जात्यात सूक्ष्म शेवाळं दळते, त्यांच्या अंगावर काचेसारखी कवचं असतात, ती फोडायला असलंच काहीतरी लागतं. त्याच्या पुढे आतडं, ते उलगडत बसलात तर माशाच्या लांबीच्या कित्येक पट निघेल, गुंडाळी करून कोंबलेलं. गवत खाणाऱ्या गुराचं जसं आतडं लांब तसंच.

म्हणजे खाडीतली गाय म्हणा हवं तर. झाडाची पानं कुजली, चिखलात मिसळली, त्यावर साय धरली, ती हिने खाल्ली, हिला जिताड्याने खाल्लं. मधली पायरीच नाही. म्हणूनच कांदळवन तोडलं की पहिली बोई कमी होते आणि मागोमाग जिताडा. लहान असताना मात्र ही अशी नसते, बोटाच्या पेराएवढी पिल्लं पाण्यातले बारीक जीव खातात आणि थोडी वाढली की चिखलाकडे वळतात.

पकडायची असेल तर

गळाची फार आशा धरू नका. कोळंबी लावाल तर दिवसभर बसाल आणि शिंगाळा हा काटेरी मासाच लागेल. बोईला कणकेचा नाहीतर पावाचा गोळा, तोही वाटाण्याएवढा, अगदी बारीक गळ, पातळ तंगूस, आणि आधी थोडा पाव कुस्करून पाण्यात टाकून थवा जमवायचा, मग कधीतरी लागते. जेट्टीवर पोरं असंच करतात. ओठ नाजूक असतात, हिसका मारलात की ओठ फाटून मासा गेला, म्हणून हळू ओढायचं.

खरं साधन पाग. गोल जाळं, कडेला शिसं, मधे दोरी. नवीन माणसाने आठ फुटांचाच घ्यावा, बारा फुटांचा बघायला भारी वाटतो पण सुरुवातीला उघडतच नाही. आस, म्हणजे जाळ्याची भोकं, केवढी तर दोन बोटं आरामात जातील एवढी, त्याने मुठीएवढी पिल्लं निसटून जातात आणि ते बरंच आहे. दोरीचा फास डाव्या मनगटात, जाळ्याचा एक भाग डाव्या हातात घडी करून, एक कड कोपरावर, थोडी उजव्या हातात. काही जण कड दातात धरतात, धरायची तर जाळं धरा, शिसं तोंडात घालू नका, ते विषारी असतं. आणि मग कंबर वळवून टाकायचं, हाताच्या जोराने नाही. आधी अंगणात सराव करा, सुपात तांदूळ पाखडताना जसा मनगटाचा झोल लागतो तसा एकदा लागला की पाग ताटासारखा गोल पडतो. शंभर वेळा अंगणात टाका, मग पाण्यात.

थव्यावर टाकताना थव्याच्या अंगावर नाही, त्याच्या तोंडापुढे हातभर टाकायचा. शिसं तळाला टेकलं की दोरी सावकाश ओढा, तळ सोडू देऊ नका, नाहीतर कडेखालून बोई सुळ्ळकन जाते. लावणीच्या जाळ्यावरनं तर ती उडी मारून जाते हे सगळ्यांना माहितीच आहे. एका जागी दोनदाच टाका, तिसऱ्यांदा तिथे काही नसतं, पुढे सरका.

पायांची काळजी मात्र गंभीरपणे घ्या. चिखलात कालवांच्या धारदार शिंपल्या असतात, जुने बंद बूट घाला, चप्पल चिखल खाऊन टाकतो. पाय उचलून टाकू नका, घासत घासत चाला, म्हणजे तळाला पाकट असेल तर बाजूला होईल, अंगावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारेल. लागलाच तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात पाय धरा आणि दवाखाना गाठा. जाळ्यात शिंगाळा आला तर पक्कड वापरा. भरती चढताना मागे नाला भरतोय का ते सारखं बघा, आणि एकटे जाऊ नका.

आणि हो, खाडी कुणाच्या बापाची नाही असं म्हणून कुठेही पाग टाकू नका. वाडीवाडीच्या जागा ठरलेल्या असतात, कोळी-गाबीत मंडळींची रोजीरोटी असते, आधी जाऊन काका, मी नवीन आहे, कुठे टाकू, असं विचारा, कोणी नाही म्हणत नाही. खारजमिनीच्या आतलं पाणी तर बहुतेक कुणाच्या तरी हक्काचं असतं. गोव्यात खाजनातल्या मानशीवर, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दरवाजावर, मासे धरायचा हक्क लिलावाने जातो. कांदळवनाची फांदीही तोडायची नाही, तो गुन्हा आहे. पावसाळी बंदी यांत्रिक बोटींना असते, पण त्या दिवसांत खाडीला जो लोंढा येतो त्यात नवीन माणसाने उतरूच नये, हे माझं कायद्यापलीकडचं सांगणं.

समुद्रात जाते, पिल्लं परत येतात

हा भाग लोकांना माहितीच नसतो. बोई वाढते खाडीत पण अंडी घालते बाहेर समुद्रात. दोन-तीन वर्षांची, फूटभर झाली की अंगात चरबी साठवते, पोटात गाबोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, धरते आणि मग मोठाले थवे करून खाडीच्या तोंडाकडे निघतात. एक मोठी मादी ५ लाख ते २० लाख अंडी सोडते. अंडं जेमतेम मिलिमीटरभर, आत तेलाचा थेंब, त्याने ते वर तरंगतं. दोन दिवसांत पिल्लू बाहेर, अडीच मिलिमीटरचं. पुढे ते १६ ते २० मिलिमीटरचं झालं की किनाऱ्याकडे आणि खाडीच्या तोंडातनं आत. तिथून तिवराची मुळं, खारबांधाच्या उघाड्या (पाण्याचे दरवाजे), शेतातले नाले. वीस लाखांतली किती पोचत असतील विचार करा. ह्या माशाचं वय सोळा वर्षांपर्यंत जाऊ शकतं, पण आपल्या खाड्यांमध्ये एवढं जगू देतंय कोण.

त्यामुळे दोन गोष्टी सांगतो. पागात बोटभर पिल्लं आली तर कोरड्यावर झटकू नका, पाग पाण्यातच सैल करा, ती जातात. आणि खाडीच्या तोंडावर, थवे बाहेर निघायच्या दिवसांत, गाबोळीच्या मोहाने आडवं जाळं लावून सगळा थवा उचलणं हे चुकीचं आहे. तुम्ही नवीन आहात, तुमचं पोट त्यावर नाही, तुम्ही तरी करू नका. चार घ्या, बाकी जाऊ द्या.

ज्यांना खारपड जमिनीत शेततळं करून बोई पाळायची आहे त्यांच्यासाठी एवढंच, की ही शाकाहारी असल्यामुळे खाद्याचा खर्च कमी आणि कोळंबी किंवा जिताड्याबरोबरच्या तळ्यात तळ साफ ठेवते (जिताड्यासोबत ठेवायची तर बोई आकाराने मोठी पाहिजे, नाहीतर त्याचंच खाद्य). इजिप्तमध्ये बोईची शेती प्रचंड आहे, पण ती मुख्यतः समुद्रातून धरलेल्या पिल्लांवर. चेन्नईच्या सीबा ह्या केंद्रीय संस्थेने बोईचं प्रजनन हॅचरीत करून दाखवलंय, बीज हवं असेल तर चौकशी तिथून सुरू करा. तळ्याचं बाकी शास्त्र वेगळं आहे, ते इथे मावणार नाही.

बाजारात घेताना

इथे नवीन माणूस हमखास फसतो, पण उलट्या बाजूने. सगळीकडे लिहिलेलं असतं की ताज्या माशाचा डोळा स्वच्छ काचेसारखा पाहिजे. बोईच्या डोळ्यावर तो चरबीचा पडदा असल्यामुळे आत्ता पाण्यातनं काढलेली बोईसुद्धा धुरकट डोळ्याची दिसते आणि लोक ती शिळी म्हणून सोडून पुढे जातात. डोळा सोडा. कल्ला उचला, आत लालभडक आणि ओलसर पाहिजे, विटकरी झाला की दिवस उलटलाय. खवले घट्ट चिकटलेले पाहिजेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं पोट. बोटाने दाबा. आत तो कुजका लगदा भरलेला असतो त्यामुळे बोई पहिली पोटातनं नासते, पाठ अजून कडक असते आणि पोट मऊ पडलेलं असतं. पोट मऊ म्हणजे नको, किंमत निम्मी केली तरी नको.

मग नाकाशी धरा. ताज्या बोईला खाडीचा, ओल्या तिवराच्या पानासारखा वास येतो, तो धुतला की जातो. रॉकेलसारखा वास आला तर परत ठेवा. एकदा मी शहरात, घाईत, अंधार पडल्यावर वाटा उचलला, घरी आणला, हळद-मीठ लावलं, कालवण केलं आणि पहिल्या घासाला सगळ्यांनी ताट बाजूला सारलं, रॉकेल ओतल्यासारखी चव. मासळी ताजी होती हो, दोष पाण्याचा होता, कुठल्यातरी कारखान्यांच्या सांडपाण्याच्या खाडीतली होती ती. चिखलात जे मुरतं ते बोईच्या चरबीत उतरतं आणि तिथून कुठल्याच मसाल्याने निघत नाही. म्हणून मासे विकणाऱ्या मावशींना पहिलं विचारायचं ते हे, की कुठल्या खाडीची. दर नंतर. ज्या मावशी "अमक्या बंदरावरनं आणली, सकाळच्या भरतीची" असं सरळ सांगतात त्यांच्याकडेच दर वेळी जा, ओळख झाली की त्याच तुम्हाला हाक मारून चांगली काढून देतील. आमच्याकडे पाऊस सरल्यापासून थंडीपर्यंतची बोई सगळ्यात चांगली, चरबीने गच्च, तव्यावर स्वतःचंच तेल सोडते.

घरी आणल्यावर

लगेच पोट साफ करा, फ्रीजमध्ये ठेवून संध्याकाळी बघू असं नको. खवले मोठे आणि घट्ट असतात, शेपटीकडून डोक्याकडे, पाण्याखाली धरून काढा म्हणजे भिंतीवर उडत नाहीत. पोट चिरून आतडी अख्खी ओढा, फुटली तर सगळा चिखल आत पसरतो. आता आत पोटाच्या भिंतीला काळा पापुद्रा दिसेल. नवीन माणूस घाबरतो की मासा खराब आहे, तसं नाही, तो नैसर्गिकच असतो, पण कडवटपणा आणि चिखलाचा जो वास लोक म्हणतात तो बराचसा तिथेच असतो. अंगठ्याला जाडं मीठ लावून तो चोळून चोळून काढा, पांढरं मांस दिसेपर्यंत. कण्याच्या खालची रक्ताची रेघ सुद्धा नखाने खरवडा. ह्या दोन गोष्टी केल्यात की अर्ध्या लोकांची बोईबद्दलची तक्रार तिथेच संपते. मग आडव्या तुकड्या, बोटभर जाड, हळद-मीठ आणि कोकमाचं आगळ लावून पंधरा मिनिटं.

कालवणाला आमच्याकडे ओलं खोबरं, बेडगी मिरची, धणे, थोडी हळद वाटून घेतात, आणि तिरफळं सहा-सात, ठेचून, वाटणात घालायची नाहीत, वरून घालायची. आमसुलं चार-पाच. आधी वाटण पाण्यात उकळू द्या, मग तुकड्या सोडा, त्यानंतर पळी फिरवू नका, टोप कानाला धरून हलवा. सात-आठ मिनिटांत होतं. आलं-लसूण मी घालत नाही, बोईची स्वतःची गोडसर चव असते, ती दबते. तळायची तर तांदळाचं पीठ आणि थोडा रवा, कातडी सकट, मंद आचेवर, कातडी कुरकुरीत झाल्याशिवाय उलटू नका. काटे पाला माशासारखे जागोजागी रुतलेले नसतात, मधला कणा काढला की लहान मुलांनाही देता येते. फक्त अर्धी कच्ची कधीच खाऊ नका, खाडीच्या माशात किड्यांची अळी असू शकते, पूर्ण शिजली की मरते.

गाबोळी मिळाली तर ती वेगळी काढा. जपानात हीच गाबोळी मिठात मुरवून, दाबून, वाळवून करासुमी करतात आणि इटलीत सार्डिनियाला बोत्तार्गा, दोन्हीकडे सोन्याच्या भावाने विकतात, तैवानला तर थंडीत हिच्या थव्यांची वाटच बघतात. आपल्याकडे कोळीण मावशी अजून कधीकधी ती वाट्यात तशीच टाकून देतात. पापुद्रा फुटू न देता धुवा, हळद-मीठ-तिखट लावून दहा मिनिटं ठेवा, मग तव्यावर थोड्या तेलात झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी शेका, आतून नारिंगी आणि घट्ट झाली की उतरवा. सुरीने जाड चकत्या करायच्या, वर लिंबू, आणि सोबत तांदळाची गरम भाकरी.